हरबा अंगणात नकली गवत बसवतो

एका गावात एक भोळा माणूस होता, असं म्हटलं की आमच्या गावातले निम्मे लोक माझ्याकडे संशयानं बघायला लागतात. म्हणून नाव सांगूनच टाकते. हरबा. मी त्याची शेजारीण. त्याच्या आणि माझ्या अंगणाच्या मधे तारेचं कुंपण आहे, आणि देवाच्या कृपेनं त्यातून सगळं दिसतं.

हरबा आळशी नाही. लबाड तर मुळीच नाही. त्याला एखादं काम सांगा, तो करतो. सांगितलं तसंच करतो. एकदा शिकवलेलं तो विसरत नाही. तीच सगळी पंचाईत आहे.

हरबानं आणि त्याच्या बायकोनं, सुगंधानं, पोस्टमास्तरांचं जुनं घर विकत घेतलं. घर म्हणजे काय, भिंती होत्या. कौलं अर्धी होती. दारं लागत नव्हती, आणि लागली की उघडत नव्हती. सुगंधा मोठी हिकमती बाई. वर्षभर खपून तिनं घर राहण्याजोगं केलं. राहिलं फक्त अंगण. त्यात खाचखळगे, गोटे, बोरीची खुंटं, आणि न्हाणीचं पाणी वाहून वाहून मधोमध शेवाळाचा हिरवागार पट्टा.

अशात सुगंधाला दिवस गेले. सातवा महिना लागला तसे तिचे वडील, आप्पा, लेकीला बघायला आले. जीपमधून उतरले, "पोरी!" म्हणाले, आणि शेवाळावरून घसरून बुडावर बसले. बसल्या बसल्याच त्यांनी निकाल दिला.

"येत्या गुरुवारी डोहाळजेवणाला येतोय. तोवर अंगण नीट झालं, तर बाळंतपण इथं. नाही झालं, तर पोरीला उचलून घेऊन जाईन. आणि बाळ चालायला लागेपर्यंत माघारी धाडणार नाही. सांगून ठेवतो, जावईबापू."

सुगंधाला जायचं नव्हतं. दवाखाना इथून हाकेच्या अंतरावर होता. शिवाय ती वर्षानं परत आली असती तेव्हा घराची काय दशा झालेली असती, याची तिला पुरेपूर कल्पना होती. एवढे दिवस सुगंधाशिवाय राहायचं म्हणजे काय करायचं, हेच हरबाला सुचेना. तो तिच्याजवळ बसून रडला. चांगला मोठ्यांदा रडला, मला इकडे ऐकू आलं.

सुगंधा म्हणाली, "रडू नका. तालुक्याच्या मंगल कार्यालयात नकली गवत घातलंय बघा, प्लॅस्टिकचं. तसलं आपण अंगणात घालू. त्याच्यावर पाय घसरत नाही. तुम्ही फक्त मी सांगते तसं करा."

"करतो," हरबा डोळे पुसत म्हणाला. "अगदी तू सांगशील तसंच करतो."

इथंच कुणीतरी त्याला थांबवायला हवं होतं. मी होते की कुंपणापाशी. पण म्हटलं, बघू तरी काय होतंय.

शुक्रवारी सकाळी सुगंधा म्हणाली, "आधी जमीन मोकळी करा. जमिनीतून वर आलेलं जे जे दिसेल, ते उपटून काढा."

हरबानं कुदळ घेतली. गोटे काढले. खुंटं काढली. शेवाळ खरवडून काढलं. मग पाण्याचा नळ काढला. नळ जमिनीतूनच वर आला होता. पाणी उडालं ते माझ्या वाळत घातलेल्या पापडांवर. मग त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि दारासमोरची दगडी पायरी काढली.

सुगंधा चहा घेऊन दारात आली. तिनं पाय उचलला आणि तसाच धरून ठेवला. खाली पायरी नव्हती. दोन हात नुसती हवा होती.

"अहो! पायरी कुठंय?"

"काढली. वर आली होती."

"पायरी वरच असते! अहो, कशाला हात लावायच्या आधी माणसाला विचारायचं असतं. हे करू का, ते करू का. विचारल्याशिवाय काही म्हणजे काही करायचं नाही."

"बरं," हरबा म्हणाला. "आता कळलं."

आणि कळलं होतं हो त्याला.

शनिवारी दुपारी खडीची ट्रॉली आली. गवताखाली बारीक खडी अंथरावी लागते, म्हणून सुगंधानंच मागवली होती. ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, "कुठं ओतू?"

"विचारून सांगतो," म्हणत हरबा पायरीच्या जागी लावलेल्या शिडीवरून घरात गेला. सुगंधाला झोप लागली होती. तिला उठवायचं म्हणजे हात लावायचा. हात लावायच्या आधी विचारायचं. आणि विचारायचं तर आधी उठवायला हवं. हरबा तिच्या उशाशी बसून यावर विचार करत राहिला. बाहेर ट्रॅक्टरवाल्यानं दोनदा हॉर्न दिला, तिसऱ्यांदा एक शिवी दिली, आणि समोर दिसलं तिथं, म्हणजे नेमकी दारापुढं, सगळी ट्रॉली रिकामी करून तो निघून गेला.

सुगंधा उठली. दार पुढे केलेलं होतं, ते तिनं आत ओढलं. खडी घरात आली. चांगली चुलीपर्यंत आली.

"अहो, मला हाक मारायची की!"

"हाक मारू का, ते कुणाला विचारणार?"

सुगंधानं कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "बरं, झालं ते झालं. ही सगळी खडी अंगणात पसरा आणि वरून धुमस मारून घट्ट करा. आता विचारत बसायचं नाही. कुठं जरा उंचवटा दिसला, की घाला त्याच्यावर धुमस. सगळं एका पातळीत आलं पाहिजे."

"बरं. आता कळलं."

धुमस म्हणजे खाली जड लोखंडी ठोकळा आणि वर लांब दांडा. हरबानं ते असं मारलं की माझ्या फडताळातली भांडी वाजत होती. संध्याकाळपर्यंत अंगण पोळपाटासारखं झालं. काम करायला तो वाघ आहे, यात वाद नाही.

रविवारी महिपती गवंडी आला, पायरी परत बांधायला. त्यानं विटा लावल्या, सिमेंट थापलं, कोपरे धरले, वरून थापी फिरवून अशी गुळगुळीत पायरी केली की बघत राहावं. मग तो माझ्याकडे चहाला आला. हरबा अंगणात एकटाच राहिला. त्यानं अंगणावरून नजर फिरवली. सगळं कसं सपाट होतं. दारासमोर तेवढा एक उंचवटा होता.

त्यानं विचारलं नाही.

महिपती चहाचा कप हातात घेऊनच परत गेला. घोटभर राहिला होता, तो पिण्यासाठी पायरीवर टेकायला गेला आणि बराच खाली गेला.

"हरबा! पायरी कुठंय रे?"

"हाय की. पातळीत आणली."

महिपतीनं जे बोलायचं ते बोलून घेतलं. ते मी इथं सांगत नाही, पोरंबाळं ऐकतायत. शेवटी तो म्हणाला, "आरं बाबा, नव्या कामाला कुणी चोपतं का? नवं काम झालं की त्याला पाणी मारायचं. वरून ओलं गोणपाट टाकायचं, आणि सकाळ संध्याकाळ पाणी मारत राहायचं. नवं काम जेवढं पाणी पितं, तेवढं पक्कं होतं."

"बरं. आता कळलं."

महिपतीनं दुसऱ्यांदा पायरी बांधली. हरबानं तिच्यावर ओलं गोणपाट टाकलं आणि सांगितल्याप्रमाणे पाणी मारलं. ती पायरी आजही दगडासारखी आहे. खरं ते खरं म्हणावं.

सोमवारी बशीरभाई आले. तालुक्याला नकली गवताचं दुकान त्यांचंच. त्यांनी गवताच्या तीन लांब गुंडाळ्या आणल्या, खडीवर शेजारी शेजारी उलगडल्या, सांध्याखाली पट्ट्या घातल्या आणि गम लावून चिकटवल्या. हिरवंगार अंगण बघून सुगंधाच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. "गम वाळू द्या. उद्या येऊन बघतो," असं म्हणून बशीरभाई गेले.

हरबा कडेला उभा राहून बघत होता. काम नवं होतं.

थोड्या वेळानं तो माझ्याकडे आला. "वहिनी, गोणपाटं आहेत का? असतील तेवढी द्या." मी बारा दिली. कशाला पाहिजेत ते विचारलं नाही. तेवढं पाप माझ्या नावावर आहे. नळ बसवून झाला होताच. हरबानं संध्याकाळी पाणी मारलं. सकाळी उठून पुन्हा मारलं. सुगंधाला सांगितलं नाही, कारण विचारत बसायचं नाही असं तीच म्हणाली होती.

मंगळवारी बशीरभाई आले तेव्हा गम दुधासारखा पांढरा होऊन वाहत होता. तिन्ही पट्टे सुटे होऊन तीन दिशांना सरकले होते. पाती आडवी झाली होती, सगळ्या गवताला सुरकुत्या पडल्या होत्या.

"अहो हरबाभाऊ, हे काय करून ठेवलंत?"

"पक्कं केलं."

"हे सिमेंट नाही! याला पाणी नको, ऊन पाहिजे. सुरकुत्या पडल्या ना, की उन्हात टाकायचं. ऊन लागलं की सुरकुत्या आपोआप जातात. मग खराटा घ्यायचा आणि उलट्या दिशेनं खसाखसा झाडायचं. आडवं पडलेलं लगेच उभं राहतं."

"बरं. आता कळलं."

दोघांनी मिळून गवत उन्हात सुकवलं, झाडलं, पाती उभी केली आणि सांधे परत चिकटवले. जाताना बशीरभाईंनी लांब खिळ्यांची पिशवी सुगंधाच्या हातात दिली. "वहिनी, उद्या गम वाळला की कडेनं हे ठोकायचे. झालं काम. हरबाभाऊंना तुम्हीच सांगा. मी सांगत नाही."

त्याच दुपारी हरबाची आत्या आली. ठकूआत्या. वय ऐंशी, दात दोन, जीभ चांगली धारेची. डोहाळजेवणासाठी म्हणून ती दोन एस्ट्या बदलून आली होती. जेवली आणि भिंतीच्या सावलीतल्या खाटेवर कलंडली. लगेच घोरायला लागली.

हरबा तिथनं चालला होता. तो थांबला. त्यानं आत्याचा चेहरा बघितला. सुरकुत्याच सुरकुत्या. आणि आत्या आडवी पडलेली.

त्यानं खाट ओढत ओढत उन्हात नेली. थोडा वेळ वाट बघितली. सुरकुत्या काही जाईनात, तेव्हा ऊन अजून लागायचंय असं समजून त्यानं पुढचं काम हाती घेतलं. खराटा आणला आणि आत्याच्या डोक्यावरनं उलट्या दिशेनं खसाखसा फिरवला.

बशीरभाई म्हणाले होते ते खोटं नव्हतं. आडवी पडलेली आत्या लगेच उभी राहिली. केससुद्धा उभे राहिले.

"आरं मुडद्या! आत्याला झाडतोस?"

"सुरकुत्या जाव्यात म्हणून, आत्या."

"माझ्या सुरकुत्या माझ्यासंगट जातील! निजलेल्या माणसाला सावलीत ठेवावं. अंगावर पांघरूण घालावं, वारं लागू देऊ नये, आणि आवाज न करता बाजूला बसावं. एवढंबी कळत नाही व्हय तुला?"

"आता कळलं, आत्या."

बुधवारी वारा सुटला. आमच्याकडे या दिवसांत सुटतो तो, धूळ उडवणारा. सुगंधा आणि आत्या आत लाडू वळत होत्या. गवताची कड वाऱ्यानं फडफडायला लागली. हरबानं बघितलं. गवत बिचारं आडवं पडलेलं होतं, आणि त्याला वारं लागत होतं.

त्यानं घरातल्या सगळ्या गोधड्या आणल्या. पाहुण्यांच्या आणल्या. बाळासाठी शिवलेली दोन दुपटीसुद्धा आणली. गवतावर पांघरूण घातलं, आणि आवाज न करता बाजूला बसला.

वाऱ्याचा एक जोराचा झोत आला. गोधड्या उठल्या आणि माझ्या कुंपणावर येऊन अडकल्या. गवताचा एक अख्खा कोपरा उलटा होऊन दारावर आपटला. हरबा आवाज न करता बघत होता.

सुगंधा बाहेर आली. इतके दिवस तिनं दम धरला होता, पण आता तिचं अवसान गळालं. ती पायरीवर बसली आणि रडायला लागली. "उद्या आप्पा येणार हो. हे असलं बघितलं तर मला घेऊन जाणार. मला नाही जायचं. हे माझं घर आहे, मी उभं केलंय."

हरबाचंही तोंड वाकडं झालं. "तू नको जाऊस," तो म्हणाला. "मी करतो. तू सांग फक्त."

सुगंधानं पदरानं डोळे पुसले. "हे बघा, शेवटचं सांगते. नीट ऐका. कुणी उचलून नेईल अशी भीती वाटली, मग वारा असो नाहीतर माणूस असो, की पांघरूण घालून भागत नाही. खिळे ठोकायचे. कडेकडेनं, हातभर अंतरावर एक. मग काय बिशाद आहे कुणाची उचलायची! कळलं?"

"कळलं."

"काय कळलं?"

"उचलून नेण्याची भीती वाटली की खिळे. कडेकडेनं. हातभर अंतरावर एक."

"अगदी बरोबर!" सुगंधा म्हणाली. आठवड्यात पहिल्यांदाच ती हसली.

हरबानं गुडघ्यावर बसून चारी कडा ठोकल्या. एक खिळा वाकला नाही, एक पातं उचकटलं नाही. वारा रात्रीपर्यंत धडका देत राहिला, पण गवत हललं नाही. मी कुंपणावरून गोधड्या काढून परत दिल्या. एक द्यायची राहिली आहे.

गुरुवारी गावातल्या बायका जमल्या. सुगंधाला हिरवी साडी नेसवली, हिरवा चुडा भरला, केसांत फुलांची वाडी घातली आणि गवताच्या मधोमध पाटावर बसवली. साडी तिच्या भोवती छान पसरली होती. अशी गोड दिसत होती म्हणता!

आप्पा आले. जीप रस्त्याकडेला लावली. या खेपेला आधी काठीनं गवत दाबून बघितलं. मग चपला काढल्या आणि अनवाणी एक फेरी मारली. दुसरी मारली. तिसरी मारली. तोंडावरची रेघ हलली नाही.

हरबानं घाबरत विचारलं, "आप्पा, कसं वाटतंय?"

"बघतो. आधी ओटी भरू द्या," आप्पा म्हणाले. "मग काय ते सांगतो. नाहीतर गाडी उभीच आहे."

हरबाचा चेहरा पांढरा पडला. तो आत गेला. नंतर बराच वेळ तो कुठं दिसला नाही. आम्ही डोहाळे म्हणायला लागलो होतो, त्यामुळे कुणाचं लक्षही नव्हतं. माझा आवाज चांगला आहे असं सगळे म्हणतात, तर मी जरा वरच्या पट्टीतच लावला होता. मधेच हरबा हातोडी घेऊन आला आणि सुगंधाच्या भोवती वाकून फिरायला लागला. आम्हाला वाटलं, कुठंतरी गवत उचकटलं असेल. आम्ही पाय बाजूला घेतले. सुगंधाला वाटलं, नवरा साडी सारखी करतोय. ती लाजली.

ओटी भरून झाली. आप्पा उठून उभे राहिले आणि खाकरले. सगळ्या बायका गप्प झाल्या.

"तीन फेऱ्या मारल्या," आप्पा म्हणाले. "तिसऱ्या फेरीला मुद्दाम घसरायला बघितलं. घसरलो नाही. अंगण झकास झालंय. पोरगी इथंच राहील."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. सुगंधाचा चेहरा असा फुलला की काय सांगू.

"ऊठ पोरी, आत्याच्या पाया पड," आप्पा म्हणाले.

सुगंधा बोटभर उठली आणि खाली बसली. पुन्हा उठायला गेली, पुन्हा बसली. आप्पा घाबरले. "पोरी, काय होतंय? पोटात दुखतंय का?"

"नाही, आप्पा. उठताच येईना."

ठकूआत्यानं वाकून बघितलं. "अगं बया!" ती म्हणाली. "हिला तर ठोकलीया!"

सगळ्यांनी हरबाकडे बघितलं. हरबा हातात हातोडी घेऊन उभा होता. त्यानं काही लपवलं नाही. लपवायचं कसं असतं हे त्याला कुणी शिकवलेलंच नाही.

"तुम्ही तिला उचलून नेणार होता ना, आप्पा," तो म्हणाला. "मला लई भीती वाटली."

मग आप्पांचं पोट हलायला लागलं. ते हसले, हसता हसता खाली बसले, आणि उपरण्यानं डोळे पुसत राहिले. नुसतं हसूच पुसत होते असं मला वाटलं नाही.

"जावईबापू," ते म्हणाले, "चार वर्षं झाली, पोरगी कुठल्या घरात दिली म्हणून माझ्या जिवाला घोर होता. आज तो मिटला. माझ्या पोरीला एवढं घट्ट धरून ठेवणारा दुसरा जावई मला मिळाला नसता. सोडा तिला. मी नेत नाही."

हरबानं एकेक खिळा उपटला. सुगंधा उठली, आत्याच्या पाया पडली, मग आप्पांच्या पाया पडली. हसत होती आणि रडत होती. साडीच्या भोकांकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

आप्पांनी चपला पायात घातल्या. "चला, येतो मी. उद्या दिवस उगवायला माझ्या शेतात ऊसतोडीची टोळी येणार आहे. आज पोचलंच पाहिजे."

"पोचणार कसं, आप्पा?" हरबानं विचारलं.

"कसं म्हणजे? गाडीनं."

"गाडी ठोकली की."

आप्पांनी एक चप्पल काढली. का काढली, ते त्यांनाही ठाऊक नसावं.

"गाडी उभीच आहे म्हणालात ना तुम्ही," हरबा म्हणाला. "म्हटलं, गाडी गेली की सुगंधा गेली. म्हणून आधी गाडी ठोकली, मग सुगंधा."

"अहो, कुठं ठोकलीत?" सुगंधानं बारीक आवाजात विचारलं.

"चाकांना. चारी चाकांना, कडेकडेनं. चाक लहान असतं ना, म्हणून वीतभर अंतरावर घेतले."

आप्पा गवतावर हळूहळू खाली बसले. मग अगदी खोल गेलेल्या आवाजात त्यांनी विचारलं, "मागं एक जादा चाक होतं. स्टेपनी. ती तरी...?"

"ती तर मागं नुसतीच लटकत होती, आप्पा," हरबा म्हणाला. "कुणीबी उचलून नेली असती. तिला सगळ्यात आधी ठोकली."